क्लिअर ज्यूस पुन्हा गढूळ? क्लॅरिफायरवर खापर फोडण्याआधी तपासायच्या गोष्टी

डबल सल्फिटेशनने (रसाला आणि नंतर आटवलेल्या रसाला, म्हणजे सायरपला, सल्फर डायऑक्साइडचा गॅस देऊन) पांढरी साखर करणाऱ्या कारखान्यात क्लॅरिफायरमधून, म्हणजे घाण खाली बसवणाऱ्या टाकीतून, निघणारा क्लिअर ज्यूस गढूळ येण्याची तक्रार एकदा येऊन संपत नाही. दिवाळीनंतर गाळप रुळावर येईपर्यंत एकदा, अवकाळी पाऊस पडला की एकदा, आणि मार्चच्या उन्हात तोडलेला ऊस गाडीत वाळायला लागला की रोज. प्रयोगशाळेतून निरोप येतो आणि पुढच्या दहा मिनिटांत तीन जण तीन व्हॉल्व्ह फिरवतात. एक चुना वाढवतो, दुसरा गॅस, तिसरा फ्लॉक्युलंट (कण एकत्र बांधणारं रसायन). तासा-दोन तासांनी रस निवळतोही, पण कशामुळे निवळला हे कुणालाच सांगता येत नाही. मग चार दिवसांनी तेच पुन्हा.

म्हणून आधी दोन नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बदल केल्यावर रस क्लॅरिफायरमध्ये जितका वेळ राहतो, किमान तितका वेळ थांबायचं. चार कप्प्यांच्या जुन्या डॉर पद्धतीच्या यंत्रात हा वेळ अडीच ते तीन तास असतो, शॉर्ट रिटेन्शन प्रकारात पाऊण ते एक तास. डॉरवर काम करताना अर्ध्या तासात निकाल मागणं म्हणजे जुनाच रस पुन्हा पुन्हा तपासणं.

खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून महागड्यांकडे जातो. हिशेबाच्या सोयीसाठी ताशी १०० टन मिश्र रस (मिलमधून येणारा कच्चा रस) धरला आहे, आपापल्या गाळपाप्रमाणे गुणून घ्या.

लक्षणं नीट वेगळी करा

"गढूळ" हा शब्द सगळ्यालाच लावला जातो, तिथेच पहिली चूक होते. क्लिअर ज्यूस काचेच्या बीकरमध्ये घ्या, मागे छापील कागद धरा आणि नीट पाहा.

रस सोनेरी आहे, पण त्यात डोळ्यांना दिसणारे कण तरंगताहेत: हा मड (खाली बसलेला गाळ) वर येऊन वाहून जाण्याचा प्रकार. यंत्राकडे किंवा मडच्या पातळीकडे बघा.

कण दिसत नाहीत, पण अक्षरं धुरकट दिसतात: फ्लॉक (घाणीचे एकत्र आलेले गोळे) नीट बनलेला नाही. पीएच, फॉस्फेट, फ्लॉक्युलंट यांच्याकडे बघा.

रस स्वच्छ आहे पण लालसर, गडद: हा गढूळपणा नव्हेच. बहुतेक वेळा चुना जास्त किंवा तापमान जास्त.

क्लॅरिफायरच्या वरच्या तोंडाशी बगॅसिलो (उसाच्या चोथ्याचा बारीक भुसा) मिसळलेला फेसाळ, तपकिरी थर: हवा अडकली आहे.

मड काळपट, आंबूस वासाचा, त्यातून बुडबुडे येताहेत: आत आंबणं सुरू झालं आहे. इथे उशीर नको.

सोबत कप्प्याकप्प्याचा नमुना वेगळा घ्या. डॉरमध्ये चारही कप्प्यांचं ओव्हरफ्लो वेगळं दिसतं. चारही गढूळ असतील तर दोष रसात. एकच गढूळ असेल तर त्याच कप्प्याच्या ओव्हरफ्लोची उंची बिघडलेली असते, म्हणजे त्यातून प्रमाणापेक्षा जास्त रस ओढला जातो आणि सोबत मडही उचलला जातो. तो पाइप थोडा वर घ्या, बाकीच्यांतून ओढ समान करा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

कधी बिघडतं तेही लिहून ठेवा. मिल थांबून परत सुरू झाल्यावर? चुन्याची नवी गाडी उघडल्यावर? फक्त रात्रपाळीत? रात्रपाळीचं उत्तर बहुधा पुढच्याच भागात सापडेल.

आधी थर्मामीटर

सल्फिटेशननंतरचा रस दुसऱ्या हीटरमधून १०२ ते १०४ अंश सेल्सिअसला निघायला हवा. हा आकडा नुसता "गरम हवा" म्हणून ठरवलेला नाही. या तापमानाचा रस फ्लॅश टँकमध्ये मोकळ्या दाबाखाली आला की एकदम उकळतो आणि त्यात विरघळलेली, अडकलेली हवा वाफेसोबत निघून जाते. रस ९७-९८ अंशांनी आला तर तो उकळत नाही. हवा तशीच राहते, बगॅसिलोच्या कणांना चिकटते आणि ते कण खाली बसायच्या ऐवजी वर तरंगतात.

यासाठी मीटर बघायचीही गरज नाही. फ्लॅश टँकच्या वाफेच्या पाइपकडे बघा. वाफ जोरात, सलग निघत असेल तर ठीक. पाइपच्या तोंडाशी नुसतीच विरळ वाफ घुटमळत असेल तर रस थंड आहे, पॅनेलवर काहीही आकडा असो. आरटीडीच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) कवचावर क्षार बसले की तो उशिरा आणि चुकीचं दाखवतो, म्हणून पाळीत एकदा हातातल्या थर्मामीटरने खात्री करा.

तापमान कमी सापडलं तर या क्रमाने बघा: हीटरच्या नॉन-कंडेन्सेबल गॅसचा व्हेंट किंचित उघडा आहे का (बंद असला की हीटरच्या वरच्या भागात गॅस साचतो आणि वाफ नळ्यांपर्यंत पोचत नाही), कंडेन्सेट निघतोय का, व्हेपर ब्लीडिंगचा (इव्हॅपोरेटरमधून हीटरला घेतलेल्या वाफेचा) दाब पडलाय का. रात्री बॉयलरचा बगॅस ओला असला, एक्झॉस्टचा (टर्बाइनमधून सुटलेल्या वाफेचा) दाब घसरला, की व्हेपरही घसरतो. रात्रपाळीत रस बिघडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. हे सगळं ठीक असूनही तापमान येत नसेल तर नळ्यांमध्ये क्षार बसले आहेत. राखीव हीटर लावा आणि पहिला सफाईला घ्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. १०५ च्या वर नेऊन रस जास्त निवळत नाही, रंग मात्र वाढतो.

पहिल्या हीटरमधून रस ७० ते ७५ अंशांनी सल्फिटरला (चुना आणि गॅस देण्याच्या टाकीला) जावा. कॅल्शियम सल्फाइट गरम रसात कमी विरघळतं, म्हणून या तापमानाला त्याचा साका भरघोस आणि बसायला जड येतो.

मग पीएच, पण मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

सल्फिटेड रसाचा पीएच ७.० ते ७.२, क्लिअर ज्यूसचा ६.९ ते ७.० च्या आसपास. मधली ०.२ ते ०.३ ची घसरण नेहमीची. त्याहून जास्त घसरत असेल तर वर चुना कमी पडतोय किंवा क्लॅरिफायरमध्ये जंतू काम करताहेत.

आधी मीटर तपासा. इलेक्ट्रोडवर सल्फाइटचा पांढरा थर बसतो आणि मीटर एका आकड्यावर अडकून पडतो. इलेक्ट्रोड सौम्य आम्लात धुवा, ७.० आणि ९.२ च्या बफरने लावून घ्या आणि नमुना झाकून थंड करूनच मोजा. शेजारी बीटीबीची (ब्रोमोथायमॉल ब्लू, पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या रसायनाची) पट्टी ठेवाच. सातच्या जवळ ती हिरवी दिसते, सहाच्या खाली पिवळी, साडेसातच्या पुढे निळी. पट्टी दशांश सांगत नाही, पण ६.४ आणि ७.१ मधला फरक ओरडून सांगते, आणि तिला कॅलिब्रेशन लागत नाही. मीटर ७.१ दाखवतोय आणि पट्टी पिवळसर पडतेय तर पट्टीचं ऐका.

पीएच का एवढा महत्त्वाचा? रस आम्लाकडे झुकला की दोन नुकसानं एकदम होतात. एक, सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे साखर थेट मळीत जाते. दोन, कॅल्शियम सल्फाइटचं बायसल्फाइट होतं. ते विरघळलेलंच राहतं, क्लॅरिफायरमध्ये बसत नाही आणि पुढे रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर क्षार म्हणून बसतं. म्हणजे आजचा ढिला पीएच आठवड्याने इव्हॅपोरेटरच्या लवकर आलेल्या सफाईत दिसतो.

चुना जास्त झाला तर रस कधी कधी फसवा स्वच्छ दिसतो, पण गरम अल्कलाइन रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज तुटतात, गडद रंग बनतो आणि आम्लंही तयार होतात. ती आम्लं कॅल्शियमशी जोडून विरघळणारे क्षार करतात. मडही फुगीर होतो.

पीएच स्थिर नसून ६.६ ते ७.६ मध्ये झुलत असेल तर सरासरी ७.१ येऊनही रस बिघडतो. कंट्रोलर वीस मिनिटं हाताने चालवून पाहा. हाताने स्थिर राहिला तर ट्यूनिंगचा दोष. हातानेही झुलत राहिला तर चुना किंवा गॅस तुटक येतोय, त्याकडे पुढे येऊ.

सिलिंडर: अर्ध्या तासात निम्मा गोंधळ संपतो

तापमान आणि पीएच दोन्ही ठीक असूनही रस गढूळ असेल, तर इथून पुढचा सगळा शोध एका लिटरच्या मेजरिंग सिलिंडरवर अवलंबून आहे. ही चाचणी टाळून कुणी थेट क्लॅरिफायरकडे धावला तर तो अंधारात चाचपडतोय असं समजा.

तीन सिलिंडर उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्या आणि गरम पाण्याच्या बादलीत उभे करा. थंड काचेत रस ओतला तर आत प्रवाह फिरतात आणि बसणारा मडही ढवळला जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच, रस जवळजवळ उकळता असतो.

पहिल्यात फ्लॉक्युलंट मिसळून झालेला, क्लॅरिफायरच्या तोंडाशी येणारा रस. दुसऱ्यात फ्लॅश टँकनंतरचा, पण फ्लॉक्युलंट न घातलेला रस. तिसऱ्यात दुसऱ्यासारखाच रस, पण त्यात प्रयोगशाळेत ताजं केलेलं फ्लॉक्युलंट ३ पीपीएम घाला. सिलिंडर हलक्या हाताने दोन-तीन वेळा उलटसुलट करायचा, जोरात हलवायचा नाही.

आता नुसतं बघत बसा. चांगल्या रसात अर्ध्या मिनिटात फाटलेल्या दुधासारखे गोळे दिसायला लागतात, मध्ये स्वच्छ पिवळा रस मोकळा होतो आणि गोळ्यांची पातळी एकसारखी खाली सरकते. २, ५, १०, १५ आणि २० मिनिटांनी ही पातळी लिहा. वीस मिनिटांनी मड एकूण उंचीच्या साधारण १५ ते २५ टक्के उरला आणि वरचा रस वाचता येण्याइतका स्वच्छ असला, तर रसात काही खोट नाही.

गुऱ्हाळावर रानभेंडीचा चिकट रस घालतात तेव्हा मळी वर येते आणि झाऱ्याने काढली जाते. कारखान्यात तीच घाण खाली बसायला हवी. सिलिंडरात ती वर येऊन थांबली, की समजायचं आपण नकळत गुऱ्हाळ चालवतोय: हवा निघालेली नाही किंवा बगॅसिलो जास्त आहे. तापमानाकडे परत जा, आणि मिश्र रसाची चाळणी फाटली आहे का ते बघा.

पहिला सिलिंडर वाईट पण तिसरा छान: दोष तुमच्या फ्लॉक्युलंट प्लँटमध्ये आहे. तिन्ही वाईट: दोष त्याच्याही आधी, चुना, गॅस, फॉस्फेट किंवा उसात. पहिला छान आणि तरीही क्लॅरिफायरचा रस गढूळ: मग खरोखरच क्लॅरिफायर, किंवा जास्त करून त्याच्या शेजारचा फिल्टर.

सिलिंडरात निवळतो, क्लॅरिफायरमध्ये नाही

मडची पातळी बघा. क्लॅरिफायरच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर तपासणीचे कॉक असतात. खालून वर एकेक उघडा. ज्या कॉकमधून मडऐवजी रस यायला लागतो ती पातळी. ती नेहमीपेक्षा वर आली असेल तर मड तयार होतोय त्या वेगाने निघत नाहीये. लगेच मड पंप वाढवावासा वाटतो, पण आधी मडमधला रस ओढून काढणाऱ्या रोटरी व्हॅक्यूम फिल्टरकडे जा.

फिल्टर मड घेत नसला की मड क्लॅरिफायरमध्ये तुंबतो आणि शेवटी ओव्हरफ्लोतून निघतो. दोष फिल्टरचा, बदनामी क्लॅरिफायरची. फिल्टरवर थर पातळ आणि ओला बसतोय का? मग बगॅसिलो मोजा. टन उसामागे साधारण ५ ते ७ किलो हवा. बगॅसिलो वाहून नेणारी पंख्याची लाइन चोंदली की ऑपरेटरला कळत नाही, कारण थोडा थोडा येत राहतो. मड मिक्सरमध्ये मूठभर मड दाबून पाहा: पाणी सुटून बोटांत चोथा राहिला तर बरोबर, सगळंच बोटांमधून चिखलासारखं निसटलं तर बगॅसिलो कमी. मग व्हॅक्यूम: थर उचलण्याच्या भागात हलका आणि पुढे जोराचा. दोन्ही एकसारखे दाखवत असतील तर व्हॉल्व्हच्या पट्ट्या झिजल्या आहेत. धुण्याचं पाणी ७५ ते ८० अंश. मडचा पीएच सातच्या खाली असेल तर थोडं चुन्याचं दूध मड मिक्सरमध्ये दिल्याने फिल्टर सुधारतो.

फिल्टरचा गढूळ फिल्ट्रेट मिश्र रसात परत येतो. म्हणजे फिल्टर बिघडला की बारीक घाण फेऱ्या मारत राहते आणि दर फेरीला वाढते. सकाळी थोडा धुरकट असलेला रस संध्याकाळी गढूळ होतो, मध्ये कुणी काहीच बदललेलं नसतं, त्याचं रहस्य हे.

दुसरं, रसाचा प्रवाह. मिल पंधरा मिनिटं थांबली आणि परत सुरू होताना साचलेला सगळा रस एकदम सोडला, तर क्लॅरिफायरला तो धक्का तासभर पुरतो. मिश्र रसाच्या टाकीचा उपयोग इथेच आहे: थांबल्यावर प्रवाह कमी करा, शून्य करू नका, आणि सुरू झाल्यावर हळूहळू चढवा. तापमानाचा झोकाही तितकाच वाईट. आतल्यापेक्षा चार-पाच अंशांनी गरम रस आला की तो वर धावतो, थंड आला की खाली कोसळतो, आणि दोन्ही वेळी बसलेला मड ढवळला जातो.

तिसराच सिलिंडर चांगला असेल: फ्लॉक्युलंट

ॲनायोनिक पॉलिॲक्रिलामाइडची लांब साखळी कणांना एकत्र बांधते. ही साखळी तुटली की पैसे पाण्यात. ती तुटायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पावडर एकदम ओतली की माशाच्या डोळ्यांसारखे पारदर्शक गोळे होतात, आत कोरडी पावडर राहते. चाळणीतून पसरून, पाण्याच्या भोवऱ्यावर शिंपडत घाला. ०.१ टक्क्याचं द्रावण करा, म्हणजे १००० लिटरला १ किलो, आणि संथ ढवळत किमान दोन-तीन तास मुरू द्या. घाईने अर्ध्या तासात वापरलेलं द्रावण निम्मंही काम करत नाही. पाणी गरम चालतं, पण ५०-५५ अंशांच्या पुढे नको. जड पाण्यातलं कॅल्शियम साखळीला आखडून टाकतं, म्हणून बोअरवेलच्या पाण्यापेक्षा साखरेचा अंश नसलेला, निवलेला कंडेन्सेट बरा.

पंप सेंट्रिफ्यूगल असेल तर तोच गुन्हेगार. त्याचं पातं साखळी कापतं. स्क्रू पंप लावा. डोस देण्याच्या आधी द्रावण आणखी पातळ करा आणि फ्लॅश टँकनंतर, क्लॅरिफायरच्या आधी, रस शांतपणे वाहतो तिथे सोडा. पंपाच्या आधी सोडलं तर पुन्हा तेच तुटणं.

मात्रा: ताशी १०० टन रसाला ३ पीपीएम म्हणजे ३०० ग्रॅम, ०.१ टक्का द्रावणाचे ३०० लिटर. रोटामीटर (प्रवाह मोजायचं साधन) नसेल तर बादली आणि घड्याळ पुरे. ५ पीपीएमच्या पुढे जाऊन फायदा दिसत नाही. मड चिकट होतो आणि फिल्टरच्या जाळ्या चोंदतात. फ्लॉक्युलंट वाढवून रस निवळवणं ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय आहे.

तिन्ही सिलिंडर वाईट: चुना, गॅस, फॉस्फेट, ऊस

चुन्यापासून सुरुवात करा, कारण तो बहुतेक वेळा दोषी असतो आणि तपासायला एक हायड्रोमीटर पुरतो. मिल्क ऑफ लाइम, म्हणजे चुन्याचं दूध, ५ ते ८ बॉमेचं (हायड्रोमीटरवरचं घनतेचं माप) ठेवतात. ५ बॉमेच्या लिटरमध्ये साधारण ४६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड असतं, १० बॉमेच्या लिटरमध्ये ९४. म्हणजे बॉमे दुप्पट झाला आणि व्हॉल्व्ह तसाच राहिला तर चुनाही दुप्पट जातो. नमुना ढवळून लगेच मोजा. दोन मिनिटं ठेवला तर चुना खाली बसतो आणि बॉमे कमी दिसतो.

चुना ताजा आहे का? चिमूटभर विझवलेल्या चुन्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसला तर बराचसा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खडू झाला आहे. असा चुना पीएच वाढवत नाही, नुसता मड वाढवतो. पोती उघडी पडली, गोदामाचा पत्रा गळका असला की हे होतं. चुना विझवायला साखर असलेलं पाणी वापरू नका, कॅल्शियम सॅकरेट बनून डोसचं गणित बिघडतं. खडे आणि वाळू नीट निघत नसतील तर डोसिंग व्हॉल्व्ह अर्धवट चोंदतो आणि वर सांगितलेला झुलता पीएच मिळतो. चुन्याच्या लाइनमध्ये सतत फिरता प्रवाह हवा, डोस बंद असतानाही.

गॅसकडे येऊ. गंधक ११९ अंशांना वितळतं, १३० ते १४५ अंशांत पाण्यासारखं पातळ राहतं आणि १६० च्या वर गेलं की उलट काकवीसारखं घट्ट होतं. मेल्टरची वाफ वाढवून "गंधक वाहत नाही" ही तक्रार सुटत नाही, ती वाढते. गॅसच्या पाइपात पिवळी पूड सापडली तर गंधक पूर्ण न जळता उडतंय: हवा कमी किंवा गंधक जास्त. बर्नरला येणारी हवा कोरडी हवी, दमट हवेने सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि पाइप खातं. पावसाळी हवेत ड्रायरचा चुना बदलायला विसरतात. सल्फिटरमधल्या गॅसच्या तोंडावर क्षार जमून गॅस तुटक येतो, ते तोंड ठरलेल्या दिवशी साफ करा.

फॉस्फेटसाठी प्रयोगशाळा लागते. मिश्र रसात फॉस्फेट, पी-टू-ओ-फाइव्ह म्हणून मोजलेलं, ३०० ते ३५० पीपीएम असावं. कॅल्शियम फॉस्फेटचा फ्लॉक बारीक घाण आणि रंग कवेत घेऊन खाली जातो. फॉस्फेट कमी असेल तर सिलिंडरात खालचा मड बसतो, पण वरचा रस धुरकटच राहतो. समजा २२० आलं. ८० पीपीएमची कमतरता, ताशी १०० टनांना ८ किलो. ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल साधारण ६२ टक्के पी-टू-ओ-फाइव्ह देतं, म्हणून ताशी १३ किलो आम्ल. पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. चुना देण्याच्या बऱ्याच आधी, मिश्र रसाच्या टाकीत द्या, म्हणजे ते मिसळायला वेळ मिळतो.

आणि शेवटी ऊस. मिश्र रसाचा पीएच नेहमी ५.२ ते ५.४ असतो. ५ च्या खाली घसरला तर ऊस शिळा आहे, जळीत आहे किंवा मिल अस्वच्छ आहे. ल्युकोनोस्टॉक जंतू सुक्रोजचं डेक्स्ट्रान करतात, रस चिकट होतो आणि मड कितीही वेळ दिला तरी बसत नाही. मिलखालच्या रसाच्या नालीत हात घालून कडा चाचपडा (मिल थांबलेली असताना). जेलीसारखे गुळगुळीत गोळे लागले तर ते तिथेच वाढताहेत. गरम पाणी, वाफ आणि मिल सॅनिटेशनचं रसायन पाळीगणिक द्या. तोडीपासून गाळपापर्यंत २४ तासांच्या पुढे जाऊ नये हे शेतकी खात्याला सांगावं लागेल. क्लॅरिफायरवर उभं राहून हा दोष सुटत नाही. पावसानंतरचा किंवा हार्वेस्टरने तोडलेला ऊस माती-पाचट आणतो. तेव्हा मडचं प्रमाण वाढणारच, फिल्टरच्या क्षमतेप्रमाणे गाळप कमी करणं हाच उपाय.

रस गढूळ असताना सायरपला गॅस वाढवून साखर पांढरी दाखवता येते. त्याने रंग झाकला जातो, गढूळपणा नाही. साखरेत तो तसाच उतरतो, आणि सल्फर डायऑक्साइडचा अंश ७० पीपीएमच्या कायदेशीर मर्यादेकडे सरकतो.

गाळप थांबलं तर

काही तासांचं थांबणं असेल तर क्लॅरिफायरमधला मड शक्य तितका काढून टाका, पीएच किंचित वर ठेवा आणि तापमान ७५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. त्याखाली जंतूंची वाढ सुरू होते. चोवीस तासांच्या पुढे थांबणार असाल तर क्लॅरिफायर रिकामं करणंच स्वस्त पडतं. आंबलेला रस नव्या रसात मिसळून "हळूहळू जाईल" अशी आशा ठेवली तर पुढचे दोन दिवस ही सगळी यादी पहिल्यापासून वाचावी लागते.

इथे स्वतः हात घालू नका

क्लॅरिफायरचा ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होत असेल तर पुन्हा पुन्हा रीसेट करू नका. मड घट्ट झाला आहे किंवा आतली पाती कशात तरी अडकली आहेत. जोर लावला की शाफ्ट वाकतो. मड काढा, मेकॅनिकल विभागाला बोलवा.

आत उतरणं हे वेगळंच काम आहे. रिकाम्या क्लॅरिफायरमध्ये आंबलेल्या मडचा वायू साचतो, ऑक्सिजन कमी असतो, आणि वरून काही कळत नाही. सक्षम व्यक्तीचा लेखी परवाना, वायूची तपासणी, कमरेला दोर आणि बाहेर माणूस याशिवाय कुणीही आत जायचं नाही. आत एखादा पडला तर त्याच्यामागे तसंच उतरणं हीच दुसऱ्या मृत्यूची वाट असते.

गंधकाच्या बर्नरला बाहेर आग लागली, गॅसची लाइन फुटली, तर माणसं वारा जिकडून येतोय त्या बाजूला हलवा, गंधकाचा पुरवठा बंद करा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. ओलं फडकं तोंडाला बांधून व्हॉल्व्ह बंद करायला धावणं नको, श्वसनयंत्र घातलेला प्रशिक्षित माणूसच तिकडे जाईल.

हीटरची नळी फुटल्याची शंका असेल तर कंडेन्सेटवर अल्फा नॅफ्थॉलची चाचणी लगेच घ्या. जांभळी कडी आली की साखर कंडेन्सेटमध्ये जातेय. तो कंडेन्सेट बॉयलरला जाणं त्याच क्षणी तोडा, हीटर वेगळा करा, बॉयलर इनचार्जला फोन करा. रस गढूळ असणं नंतर बघता येईल. साखरेने बिघडलेलं बॉयलरचं पाणी त्याहून कितीतरी महाग पडतं.

आणि वरचं सगळं करूनही दोन दिवसांत रस सुधारला नाही, तर पुण्याजवळच्या मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेकडून किंवा प्रक्रिया सल्लागाराकडून तपासणी करून घ्या. त्यांना बोलावण्याआधी हे तयार ठेवा: मागच्या ७२ तासांचे तासागणिक पीएच आणि तापमान, तिन्ही सिलिंडरच्या पातळ्या, मिश्र रसाचं फॉस्फेट, वापरलेल्या चुन्याचा सीलबंद नमुना आणि कप्प्याकप्प्याच्या क्लिअर ज्यूसच्या वेळ लिहिलेल्या बाटल्या.